दोन अक्षरांचा फरक
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे इंग्रजीतील दोनच अक्षरांविषयी बोलणार आहे : आय आणि एन. दोन अक्षरांनी असे काय बिघडते, असे कुणी विचारील. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म एका कचेरीतून परत आला. त्यावर इंग्रजीत एकच शब्दाचा शेरा होता, 'इन्कम्प्लीट'. वडील हमाली करणारे. त्यांनी मुलाकडून शेरा वाचून घेतला. मुलाने पहिली अक्षरे ओळखीची पाहिली आणि सांगितले, "अब्बा, इन्कमचं काहीतरी मागितलंय." वडिलांनी मजुरी बुडवून तहसील कचेरीतून उत्पन्नाचा नवा दाखला आणला. वास्तविक फॉर्म फक्त अपुरा होता. पालकाची एक सही राहिली होती. हे कळेपर्यंत मुदत टळून गेली. मुलगा आळशी नव्हता, वडील बेपर्वा नव्हते. मी त्या मुलाकडून स्पेलिंग पाठ करून घेतले होते, पण शब्द फोडून वाचायला शिकवले नव्हते. ही चूक माझी.

मित्रहो, हा प्रकार आपल्याला नवा नाही. बेइमान, नापसंत, गैरहजर, लाजवाब हे शब्द आपण घरात रोज बोलतो. बे, ना, गैर, ला हे पुढे लागले की अर्थ उलटतो. 'नापास' या शब्दात तर आपण इंग्रजी 'पास'ला फारसी 'ना' जोडला आहे ! संस्कृतातही अशक्य, अनादर असे शब्द आहेत. हा 'अ' किंवा 'अन्', लॅटिनचा 'इन्' आणि इंग्रजीचा 'अन्' ही एकाच मुळाची भावंडे आहेत.

आता हा 'इन्' पुढील अक्षर पाहून आपला वेष बदलतो. पी, बी, एम यांच्यापुढे तो 'इम्' होतो : इम्पॉसिबल, अशक्य. एलपुढे 'इल्' : इल्लीगल, बेकायदेशीर. आरपुढे 'इर्' : इर्रेग्युलर, अनियमित. एवढे ध्यानात ठेवले तर शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

परंतु येथे तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले, 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे. ज्याचे मोल करता येत नाही ते, म्हणजेच आपला 'अनमोल'.

दुसरे, 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, तर कुप्रसिद्ध, बदनाम. त्याला सारे ओळखतात, पण वाईटासाठी.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. काही शब्दांत 'इन्' म्हणजे 'नाही' नसून 'आत' असतो. 'इन्कम' म्हणजे आत येणारा पैसा. पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. त्याचा अर्थ न पेटणारे असा समजून कुणी जवळ काडी ओढली तर काय होईल ? तो शब्द 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, असा शब्द दिसला की आधी 'इन्' बाजूला काढा आणि उरलेला शब्द ओळखा. मग अर्थ उलटा करून वाक्यात बसतो का ते पाहा. तरीही शंका राहिली तर शब्दकोश उघडा. अंदाजाने फॉर्म भरू नका.

पालकांना माझी एकच विनंती आहे. इंग्रजी कागद आला आणि त्यातील एका शब्दाचाही संशय आला, तर संकोच न करता शाळेत या. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही शिक्षक त्यासाठीच आहोत. एका सहीसाठी पुन्हा एखाद्या मुलाचे वर्ष अडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.