अर्धशिशी आणि सेरोटोनिन



मराठीच्या अध्यापकाने वैद्यकात डोकावणे आगंतुकपणाचे आहे. परंतु मी शब्दांच्या मागून तेथे पोहोचलो. अर्धशिशी म्हणजे अर्धे शीर्ष. ‘मायग्रेन’ हा शब्दही ग्रीक ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, यावरून आला. सुश्रुतसंहितेतील ‘अर्धावभेदक’ही तेच सांगतो. ही सारी नावे दुखण्याची जागा सांगून थांबतात.

‘सेरोटोनिन’ हे नाव मात्र कार्य सांगते. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य वेगळे केले. सीरम आणि वाहिन्यांचा ताण, म्हणजे ‘टोन’, यांतून हे नाव घडले. पुढे कळले की शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत असते. नाव तेच राहिले. तिळाचे ते तेल, तरी आपण खोबऱ्याचेही तेल म्हणतोच की!

त्यापूर्वी १९३८ मध्ये ग्रॅहॅम व वुल्फ यांना आढळले होते की, अर्गोटामिन दिल्यावर कानशिलाच्या धमनीचे उडणे कमी होते आणि वेदनाही उतरते. १९६१ मध्ये इटलीतील सिकुतेरी यांना झटक्याच्या वेळी रुग्णांच्या लघवीत सेरोटोनिनच्या विघटनातून होणारे द्रव्य वाढलेले दिसले. मग सरळ तर्क झाला: सेरोटोनिन घटते, वाहिन्या सैलावतात, डोके ठणकते. त्याच धाग्याने सुमाट्रिप्टान हे औषध घडले आणि १९९१ मध्ये वापरात आले. ते गुणकारी ठरले.

उपपत्ती मात्र डळमळली. कोपनहेगन येथे ऐन झटक्यात घेतलेल्या धमन्यांच्या चित्रांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या नव्हत्या. आतल्या किंचितच रुंदावल्या होत्या. आज भर मज्जातंतूंवर आहे. चेहरा व मेंदूची आवरणे यांची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य पाझरते. वाहिन्या रुंदावणे हे त्याचे एक काम. सुमाट्रिप्टान सेरोटोनिनच्याच ग्राहकांना चिकटून हा पाझर रोखते. २०१८ पासून थेट सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनेही आली आहेत.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण हा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांहून दोन-तीन पट आढळतो, आणि अंधाऱ्या खोलीत डोके बांधून पडलेल्या सुनेला आपल्या घरांनी ‘सोंग’ हा शब्द फार सहज लावला. नेहमीच्या तपासण्यांत काही दिसत नाही, यावरून वेदना खोटी ठरत नाही.

एक सावधगिरी. सुमाट्रिप्टान हृदयाच्या वाहिन्याही आवळू शकते. म्हणून हृद्रोग्यांनी ते घ्यायचे नसते. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी मागून आणू नये.