घरची वाकळ



ज्या औंढ्यास विसोबा खेचरांनी नामदेवरायांना उपदेश केला असे परंपरा सांगते, तेथे जमलेल्या शिंपी समाजापुढे वाकळीविषयी बोलावे यात नवल नाही. नवल हे की, आपल्याच दुकानांतील कात्रणे केरात जातात!

वाकळ म्हणजे चिंध्यांचे गाठोडे नव्हे. खाली धुऊन मऊ झालेले सुती लुगडे, मध्ये जुन्या धोतरांचे थर, वर ठिगळे. मग सर्व थरांतून दाट धावदोरा. टाका विरळ पडला की आतील थर धुण्यात गोळा होतात. कोरे कापड आधी भिजवून घ्यावे; मागाहून आटले तर शेजारचे ठिगळ चुणते. टेरिकॉटचे तुकडे मात्र वर्ज्य करावेत. ते सुताइतका घाम टिपत नाहीत.

नऊवारी सुती लुगडी आता कमी झाली, ही अडचण खरीच. परंतु त्याहून मोठी आपल्या मनाची आहे. सदऱ्याची शिलाई आपण निःसंकोच मागतो. वाकळ शिवणाऱ्या भगिनीने मजुरी सांगितली की 'चिंध्यांचे एवढे?' म्हणतो. कापड फुकटचे असेल, तिचे दिवस फुकटचे नव्हेत.

तेव्हा प्रत्येक दुकानात सुती कात्रणांसाठी एक निराळे पोते ठेवावे आणि वाकळीची मजुरी टाक्यांच्या दाटीवरून ठरवावी, अशी माझी सूचना आहे.