बांगडा ओळखा, बांगडा सांभाळा



आज बोलायचं आहे बांगड्याविषयी. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला मासळी कशाला? पण कोकणात भातकापणीला गडी लावले, की दुपारच्या जेवणाला तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण ठरलेलंच.

दोन वर्षांपूर्वी पीककापणी प्रयोगासाठी मी एका वाडीत गेलो होतो. आदल्या संध्याकाळी आणलेले बांगडे रात्रभर पडवीत पिशवीत टांगलेले होते. जेवून अर्धा तास झाला नाही, तोच चौघांची तोंडं लालबुंद झाली. अंगाला खाज सुटली, डोकी ठणकू लागली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं तिरफळ जास्त पडलं. आरोग्य केंद्रात औषध मिळालं, संध्याकाळपर्यंत उतार पडला. पण कापणी अर्धवट राहिली आणि रात्रीच्या पावसात कापलेलं भात भिजलं.

याचं कारण ऐका. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला, की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. तेच बाधतं. एकदा ते तयार झालं, की शिजवून, तळून किंवा खारवून जात नाही. कधी कधी तर माशाला वाससुद्धा येत नाही.

आता नावाचा घोळ. इंग्रजीत ‘मॅकरेल’ हे एकच नाव कितीतरी माशांना लावतात.

१) आपला बांगडा : पाठ निळसर-हिरवी, तिच्यावर काळसर पट्टे, शेपटीजवळ वर-खाली बारीक सुटे पर. हा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो.

२) सुरमई : ही बांगड्याच्याच कुळातली, पण मोठी, धारदार दातांची आणि दुसरे मासे खाणारी. इंग्रजीत हिच्या जातभाईंना ‘स्पॅनिश मॅकरेल’, ‘किंग मॅकरेल’ म्हणतात. अमेरिकेत गरोदर बायांनी किंग मॅकरेल खाऊ नये असा सल्ला देतात, कारण मोठ्या शिकारी माशात पारा साठतो. तो सल्ला आपल्या लहान बांगड्याला लावून घाबरू नका.

३) काटबांगडा : याला ‘हॉर्स मॅकरेल’ म्हणतात, पण कूळ वेगळं. शेपटीकडे दोन्ही अंगांना कठीण खवल्यांची करवतीसारखी धार असते, ती हाताला लागते. मासा खायला चांगला आहे. मात्र ती धार आधी काढावी लागते, आणि पैसे काटबांगड्याच्याच दराने द्यावे.

डब्यावर नुसतं ‘मॅकरेल’ लिहिलं असेल, तर आत यांपैकी कोणताही किंवा परमुलखातला मासा असू शकतो. कूळ कोणतंही असो, उबेत ठेवल्याचा धोका या सगळ्यांना आहे.

हे ध्यानात ठेवा :

• डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, मांस घट्ट, पोट न फुटलेलं असा बांगडा घ्या. डोक्याकडून आडवा धरला तर तो लोंबकळता कामा नये.

• बर्फातला मासाच घ्या. लांब न्यायचा असेल तर किलोला किलोभर फोडलेला बर्फ घाला.

• घरी येताच पोट व कल्ले काढा, धुवा आणि लगेच शिजवा किंवा पुन्हा बर्फात ठेवा.

• खारवायचा तर ताजाच. साफ केलेल्या तीन किलो माशाला एक किलो मीठ घ्या. शिळा बांगडा ‘खारात जाईल’ म्हणून वापरू नका, मिठाने बाधा लपत नाही.

• जेवणानंतर तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, छातीत धडधड असं काही झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

बर्फाला चार पैसे जातील खरे. पण ऐन कापणीत चार गडी आडवे झाले, तर काय जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

बराय तर, नमस्कार.