यीस्टच्या पेशीला आकार कोण देते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उभी नोकरी केंद्र सरकारच्या फायलींत गेली. जीवशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही, कुतूहल तेवढे आहे. आपल्या मंडळींत “गुण रक्तातच असावा लागतो” हे वाक्य वारंवार कानी पडते. ते कितपत खरे, याचा मागोवा घेता घेता आम्ही पाव फुगवणाऱ्या यीस्टपाशी येऊन पोहोचलो.

यीस्ट हा एकपेशीय जीव. त्याची पेशी अंडाकृती, मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिच्या अंगावर एके जागी फुगवटा येतो, कळीसारखा वाढतो आणि अखेर सुटा होऊन कन्यापेशी बनतो. यालाच मुकुलन म्हणतात. १९९६ साली या जीवाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात सुमारे ६,००० जनुके आहेत. परंतु एकातही कळीचे चित्र रेखाटलेले नाही. जनुकात असते ती एखादे प्रथिन घडवण्याची सूचना. मग चित्रावाचून आकार येतो कोठून?

याचे उत्तर सदोष पेशींनी दिले. अमेरिकेतील सिॲटल येथे लीलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास, विभाजनात अडखळणारे यीस्टचे वाण शोधून काढले. पेशीचक्रावरील कार्याबद्दल २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्याच परंपरेत पुढे ‘सीडीसी ४२’ हे जनुक हाती लागले. त्यात बिघाड असलेली पेशी साधारण तापमानात नीट वागते. ३६-३७ अंश सेल्सिअसवर ठेवली की तिला कळी येत नाही. वाढ मात्र थांबत नाही. सर्व बाजूंनी फुगत फुगत तिचा मोठा गोळा होतो. म्हणजे या जनुकाचे काम वाढीला दिशा देण्याचे! त्याचे प्रथिन पेशीच्या आवरणाशी एके जागी गोळा होते; तिकडे ॲक्टिनचे तंतू वळतात, त्यांवरून बांधकामाचे साहित्य येते आणि कळी तेथेच उगवते. आमच्या कार्यालयीन अनुभवाने सांगायचे तर, मंजुरी आहे, साहित्य आहे, पण जागा निश्चित नाही, अशा वेळी इमारत उभी राहत नाही; ढिगारा साचतो.

ही जागा ‘बड’ गटातील जनुके ठरवतात. गुणसूत्रांचा एकेरी संच असलेली पेशी नवी कळी मागील कळीच्या खुणेलगत काढते; दुहेरी संचाची पेशी दोन्ही टोके वापरते. ‘बड १’ काढून टाकले तर कळी वाटेल तेथे उगवते. पण उगवते निश्चित, आणि पेशीही सुखाने जगते.

परिस्थितीचा वाटाही मोठा आहे. जोडीदार पेशीचा रासायनिक संदेश येताच एकेरी पेशी जुनी खूण बाजूस सारून त्या दिशेने निमुळती होते. नायट्रोजनचे पोषण तुटले की काही वाणांच्या दुहेरी पेशी लांबट होऊन साखळीसारख्या जोडून राहतात. जनुके तीच, प्रसंग निराळा, म्हणून रूपही निराळे.

२००५ साली जपानमधील योशिकाझु ओह्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक जनुक वगळलेल्या ४,७०० हून अधिक वाणांच्या पेशी संगणकाच्या साहाय्याने मोजल्या. जगण्यास अत्यावश्यक नसलेल्या जनुकांपैकी जवळजवळ निम्म्यांचा परिणाम पेशीच्या रूपावर दिसला. आकार ही कोणा एका जनुकाची मिरासदारी नव्हे, हेच यातून सिद्ध होते. शिवाय ‘सीडीसी ४२’चे भावंड आपल्या शरीरातील पेशींतही आहे, दोघांच्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के साम्य आहे.

यीस्टवरून मनुष्याच्या संसाराचे सिद्धान्त काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तथापि एवढे खचित म्हणता येईल की, साध्या पेशीचा आकारदेखील जिथे नुसत्या वारशावर ठरत नाही, तिथे परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांचे मराठीपण रक्तावर सोपवून आपण निश्चिंत राहणे बरे नव्हे. यीस्टच्या पेशीला मागील खूण ओळखणारी जनुके जन्मतःच लाभतात. मराठी भाषेचे जनुक मात्र कोणाच्याच पेशीत नाही. ती घरात बोलावी लागते, मुलांच्या कानी पडावी लागते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे हेच कार्य केले आहे आणि पुढेही त्याला हेच करावयाचे आहे.