अणुबाँब आणि आपण बायका
(मंडळाच्या ऑगस्ट महिन्याच्या सभेत केलेले भाषण)



‘लढाई लवकर संपावी म्हणून अणुबाँब टाकणे योग्य की अयोग्य’ ही चिठ्ठी माझ्या वाट्याला आली तेव्हा पुष्कळजणी हसल्या. हसणे साहजिकच होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरी सांगितले तर हे म्हणाले, “तुम्हां बायकांना लोणच्याबिणच्याचा विषय नव्हता का?” पण मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली. दुपारी मागचे आवरले की थोडे थोडे वाचत गेले, आणि हा विषय बायकांचा नाही हे काही मला पटेना.

हिरोशिमावर बाँब घेऊन गेलेल्या विमानाचे नाव होते ‘एनोला गे’. हे नाव कोणाचे? विमान चालवणाऱ्या पॉल टिबेट्सच्या आईचे. लेकाने आईचे नाव विमानावर रंगवून घेतले आणि ते विमान घेऊन तो गेला. आपल्याकडे मुलगा रिक्षेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेतो, तसेच. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले होते.

तारीख ६ ऑगस्ट १९४५. सकाळचे सव्वाआठ. म्हणजे आपल्याकडे डबे भरून झालेले असतात ती वेळ. त्या दिवशी हिरोशिमात हजारो शाळकरी मुले शहराच्या मध्यभागी कामाला नेलेली होती. विमानांच्या हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करायचे, ते काम. वय बारा-तेरा वर्षांचे. त्यांतली बहुतेक गेली. तिथल्या संग्रहालयात एका मुलाचा जेवणाचा डबा ठेवलेला आहे. आई शोधत शोधत गेली तेव्हा लेकराच्या देहाखाली तो डबा सापडला. आतले अन्न तसेच होते, फक्त कोळसा झालेले. सकाळी तिनेच भरून दिलेला डबा. मी त्याचे चित्र पुस्तकात पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे वाचले नाही.

तीन दिवसांनी, ९ तारखेला, दुसरा बाँब. तो खरा कोकुरा नावाच्या शहरासाठी नेला होता. तिथे ढग आणि धूर होता, खालचे दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. कोकुराच्या बायकांनी त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक केला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे गेली असे धरतात. अंगावर ओरखडा नसलेल्यांचेही केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, आणि तीही गेली. मेलेल्यांत कामाला आणलेले हजारो कोरियन होते, आणि कैदेत पडलेले डझनभर अमेरिकन सैनिकसुद्धा होते.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ते भाषण नव्हे, एकतर्फी भांडण होईल.

जपानने ही लढाई मोठ्या सोज्वळपणे चालवली होती असे मुळीच नाही. १९३७ साली चीनमधल्या नानकिंग शहरात त्यांच्या सैन्याने जे केले ते बायकांच्या सभेत उच्चारवत नाही. आपल्या अंदमानातही १९४२ पासून त्यांचा अंमल होता आणि तिथल्या लोकांचे फार हाल झाले. १९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत ओकिनावा बेटावर लढाई झाली. त्या एका बेटासाठी १२ हजारांवर अमेरिकन मेले, जपानी सैनिक सुमारे लाखभर, आणि तिथली साधी माणसे जवळजवळ तेवढीच. मग मुख्य जपानवर उतरायचे तर किती मरतील? नोव्हेंबरात उतरण्याचा बेत ठरलेला होता. बाँबच्या बाजूचे म्हणतात, दोन शहरे गेली, पण पुढची लाखो माणसे वाचली. बाँब पडल्यावरही जपानच्या युद्धमंडळातल्या सहाजणांत तिघे आहे त्या अटींवर शरण जायला तयार नव्हते. शेवटी बादशहाला मध्ये पडावे लागले. १५ ऑगस्टला त्याने रेडिओवरून शरणागती सांगितली.

हे मी आपल्यातल्या एका ताईंना सांगत होते. त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्या म्हणाल्या, “तुझी मुलं घरात झोपतात. माझा सीमेवर असतो. त्याला सुखरूप आणणारा बाँब असेल तर मी अयोग्य कशी म्हणू?”

मला उत्तर सुचले नाही. गहू निवडताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात. ताईंच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते. कोणती आई म्हणणार नाही? पण मग वाटले, डबा भरून देणाऱ्या त्या जपानी बाईला विचारले असते तर तिनेही आपल्याच लेकराचे नाव घेतले असते. म्हणून असल्या गोष्टीचा निकाल आईच्या धास्तीवर सोडता येत नाही. आणि सेनापतीच्या घाईवरही नाही.

घाई होतीच. बाँब बनवणाऱ्यांपैकीच काही शास्त्रज्ञांनी त्या उन्हाळ्यात विनवले होते, की आधी ओसाड जागी टाकून दाखवा, जपानला शरण येण्याची नीट संधी द्या. लिओ झिलार्डच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या होत्या. ऐकले नाही. पहिल्या बाँबनंतर तीनच दिवस थांबले. अहो, आपण भिशीचा हप्ता चुकला तर आठ दिवस थांबतो! ८ ऑगस्टला रशियानेही जपानविरुद्ध युद्ध पुकारले होते. जपानच्या राज्यकर्त्यांना बादशहाची गादी राहील की नाही याची मोठी काळजी होती. शेवटी गादी राहूच दिली. मग ते आधी स्पष्ट सांगितले असते तर? विद्वान लोक यावर अजून वाद घालतात. मला त्यातले एवढेच कळते, की दुसऱ्या वाटा पुऱ्या चालून पाहिल्या नव्हत्या.

आणि तो वाचलेल्या माणसांचा हिशेब. मी घरखर्चाची वही लिहिते. ज्या पैशाची नुसती आशा आहे तो जमेला धरत नाहीत, आणि गेलेला मात्र रोख लिहावा लागतो. इथे वाचलेले अंदाजाने लिहिले आणि मेलेले खरोखरीचे. शिवाय देणे कोणी फेडले? नानकिंगला ज्यांनी अत्याचार केले त्यांनी नव्हे. बारा वर्षांच्या पोराने. कलकत्त्याकडचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल १९४८ साली तोक्योच्या युद्धखटल्यात न्यायाधीश होते. जपान्यांचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. पण सरसकट माणसे मारण्याचा हुकूम म्हणावा तर अणुबाँबचा हुकूमच त्याच्या सर्वांत जवळ जातो, असे त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवले. माझेही मत तसेच आहे. योग्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण ताईंचा प्रश्न अमेरिका-जपानचा नव्हता, आपला होता. आपल्या देशाने १९७४ साली पोखरणला चाचणी केली, १९९८ साली पुन्हा केली. आपणहून आधी टाकणार नाही, असे आपल्या सरकारने जाहीर केलेले आहे. हा नियम शांतपणे बसून, आधीच करून ठेवला, हे मला फार बरे वाटते. लढाई पेटल्यावर असला नियम कोणाला सुचणार? मात्र आपल्यावर पडला तर उलट जबर तडाखा देऊ, असेही त्यातच आहे. तो तडाखाही कुठल्या तरी डब्यावरच पडेल. हे वाचल्यापासून माझी झोप उडालेली आहे.

ताईंनी पुढच्या महिन्याच्या सभेत आपली बाजू मांडायचे कबूल केले आहे. सर्वांनी वेळेवर यावे. त्या दिवशीचा चहा आणि पोहे माझ्याकडे.