कऱ्हेची काळी वाळू आणि लोडस्टोन

कऱ्हेच्या किंवा नीरेच्या पात्रातली मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवला, की बारीक काळे कण झुपक्याने चिकटतात. हे मॅग्नेटाइट. बारामती-इंदापूरकडच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं.

याच खनिजाच्या, निसर्गतःच चुंबक बनलेल्या दगडाला जुने इंग्रज ‘लोडस्टोन’ म्हणत. इथे लोड म्हणजे ओझं नव्हे, वाट! खलाशांना वाट दाखवणारा दगड.

लंडनमध्ये होकायंत्रं बनवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मनपुढे एक कटकट होती. सुई नीट तोलून बसवली, तरी लोडस्टोनवर घासल्यावर तिचं उत्तरेचं टोक खाली झुकायचं. १५८१ मध्ये त्याने यावर पुस्तकच लिहिलं आणि या झुकण्याला ‘डिक्लाइनिंग’ म्हटलं. पुढे त्याला ‘डिप’ नाव रूढ झालं. ‘डिक्लिनेशन’ हा शब्द मात्र सुईच्या खऱ्या उत्तरेपासून डावी-उजवीकडे ढळण्याला चिकटला. खलाशी त्यालाच ‘व्हेरिएशन’ म्हणत. नावांचा घोळ झाला तो असा.

१६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने पृथ्वीच मोठा चुंबक असल्याचं मांडलं. मुंबईत कुलाब्याला हे चुंबकत्व मोजलं जाई. विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून १९०४ पासून ते काम अलिबागला चाललं.

कऱ्हेकाठचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटने त्या वेळची चुंबकीय दिशा धरून ठेवली. बऱ्याच थरांत ती उत्तरेऐवजी साधारण दक्षिणेकडे आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते.