चपटं आणि नळीदार

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



नववीतली समुद्रकाठची सहल आठवते? 1995 सालची. ओहोटी लागली होती आणि कातळावर हिरवं शेवाळ उघडं पडलं होतं. एक पानासारखं चपटं, दुसरं पोकळ नळीसारखं. बाईंनी नावं सांगितली : चपटं ते उल्वा, नळीदार ते एन्टेरोमॉर्फा. आपल्यातली एक जण म्हणाली, "बाई, ही दोन्ही एकाच घरातली वाटतात." सगळे हसलो, सर्वांत मोठ्याने मी. त्यानंतर ती विज्ञानाच्या तासाला फारशी बोललीच नाही.

बाईंची चूक नव्हती. लिनियसने 1753 मध्ये दोन्ही उल्वातच ठेवली होती. पण 1820 मध्ये लिंक यांनी नळीदार शेवाळांची वेगळी प्रजाती केली आणि पुस्तकांत तेच चालत आलं.

पुढे शास्त्रज्ञांनी आकार बाजूला ठेवून डीएनए वाचला. ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा मजकूर. प्रोग्रामच्या दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही पद्धत मला लगेच कळली. वेगवेगळ्या शेवाळांतला डीएनएचा तोच भाग घ्यायचा, ओळीखाली ओळ लावायची आणि कोणते बदल कोणाकोणात सारखे आहेत ते पाहायचं. दोन वह्यांत तीच चूक सापडली की सर काय ओळखायचे, ते आपल्याला ठाऊक आहेच! एखादी चूक योगायोगाने जुळेल, म्हणून अशा शेकडो जागा तपासतात. त्यावरून वंशवृक्ष उभा राहतो.

त्या वृक्षात चपटी एका फांदीवर आणि नळीदार दुसरीवर, असं दिसलंच नाही. दोघांची सरमिसळ होती. 2003 मध्ये हेडन आणि सहकाऱ्यांनी एन्टेरोमॉर्फाला पुन्हा उल्वात आणलं. लिनियसचं बरोबर होतं, हे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलं.

ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. अगं, तुला तेव्हा तसं का वाटलं, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. तीस वर्षं उशीर झाला, पण त्या हसण्याबद्दल मी तुझी माफी मागते. जेवताना माझ्या शेजारी बस आणि सांग, तू त्या शेवाळात काय पाहिलं होतंस?